दिरहमचा हप्ता रुपयांत किती होईल, तेही लिहून द्या

माननीय केंद्रीय अर्थमंत्री,
सादर नमस्कार.

ऐरोलीच्या आमच्या घरात ओट्याशेजारी कॅलेंडर टांगलेलं आहे. वहिनी त्यावर दुधाचे खाडे लिहिते आणि दर महिन्याच्या पाच तारखेच्या चौकोनात त्या दिवशीचा दिरहमचा भाव. दुबईतली नोकरी गेली आणि २०२० मध्ये दादा सगळ्यांना घेऊन परत आला. तिथल्या फ्लॅटचं कर्ज मात्र दिरहममध्येच राहिलं.

२०१८ च्या सुरुवातीला दादाने आठ लाख दिरहम काढले, २५ वर्षांसाठी, साडेचार टक्क्यांनी. हप्ता सुमारे ४,४५० दिरहम. तेव्हा दिरहम साडेसतरा रुपयांच्या आसपास होता, म्हणजे कर्ज १ कोटी ४० लाखांचं. पगार दिरहममध्ये, हप्ताही दिरहममध्ये. त्यात वावगं काहीच नव्हतं. नोकरी गेली त्या दिवशी तेच कर्ज वेगळं झालं. आता पगार नवी मुंबईत रुपयांत आणि देणं दुबईत. भाड्यातून सर्व्हिस चार्ज जाऊन जेमतेम अर्धा हप्ता सुटायचा, आणि विकायला काढला तर त्या वेळी कर्जाएवढीही किंमत येत नव्हती.

पाच वर्षांत त्याने साठ हप्ते भरले, एकही चुकवला नाही. मुद्दल सात लाख तीन हजार दिरहमवर आलं. पण २०२३ च्या सुरुवातीला दिरहम २२ रुपये ३० पैशांच्या घरात होता. त्या भावाने बाकी निघाली १ कोटी ५६ लाखांच्या वर. साठ हप्ते फेडून देणं सोळा लाखांनी वाढलं! हा हिशेब मी वहिनीसमोर तीनदा मांडला, तरी तिचा विश्वास बसेना. त्यातच ठरावीक दराची पाच वर्षं संपली आणि पुढचं व्याज बाजाराप्रमाणे बदलणारं झालं. अमेरिकेने २०२२ पासून व्याजदर चढवले आणि दिरहम डॉलरला बांधलेला असल्याने तिथलेही चढले. भाव आणि व्याज, दोन्ही बाजूंनी मार बसला.

हे आमच्या एकट्याच्या घरातलं दुखणं नाही. पोलंड, हंगेरी, क्रोएशियात हजारो कुटुंबांनी स्वस्त व्याजाकडे बघून स्विस फ्रँकमध्ये घरकर्जं घेतली होती. १५ जानेवारी २०१५ ला स्विस मध्यवर्ती बँकेने, फ्रँक फार महाग होऊ नये म्हणून ठेवलेली युरोला १.२० फ्रँकची मर्यादा सोडली आणि फ्रँक एका सकाळीत उसळला. हंगेरीने नेमकी त्याच सुमारास ही कर्जं फोरिंटमध्ये बदलून घेतली, म्हणून तिथले लोक त्या तडाख्यातून वाचले. पोलंडमधली भांडणं वर्षानुवर्षं कोर्टात चालली. युरोपीय संघाच्या २०१४ च्या निर्देशात परकीय चलनातल्या घरकर्जाविषयी स्पष्ट तरतूद आहे: विनिमय दरामुळे हप्ता किंवा देणं २० टक्क्यांहून जास्त फिरलं, तर बँकेने ग्राहकाला कळवलंच पाहिजे.

आपल्याकडे काय चाललंय? मध्यंतरी वाशीतल्या एका हॉटेलात दुबईच्या घरांचं प्रदर्शन होतं, मी मुद्दाम गेलो. 'महिन्याला फक्त एक टक्का' असा फलक होता, म्हणजे हप्ता घराच्या किमतीच्या एक टक्का. हातात दिलेल्या कागदावर रुपयांतला आकडा होता, पण तो त्या दिवशीच्या भावाने. रुपया घसरला तर काय, हे मी तिथल्या मुलाला विचारलं. "काका, दिरहम डॉलरला फिक्स आहे, एकदम सेफ," तो म्हणाला. १९९७ पासून एका डॉलरला ३.६७२५ दिरहम, हे त्याचं खरंच होतं. पण ऐरोलीचा पगार डॉलरला बांधलेला नाही. बाजूच्या टेबलावर एक निवृत्त जोडपं चेकबुक काढून बसलं होतं. तिथल्या प्रकल्पांना आपला महारेरा, म्हणजे बिल्डरांवर लक्ष ठेवणारं राज्याचं प्राधिकरण, लागू नाही, हे त्यांना कुणी सांगितलं असेल असं वाटत नाही.

परदेशी पैसे पाठवण्याच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली (एलआरएस) माणशी वर्षाला अडीच लाख डॉलर बाहेर नेता येतात. ती सवलत काढून घ्या असं मी म्हणत नाही. लोकांनी जरूर बाहेर घरं घ्यावीत. पण घरासाठी पैसे पाठवताना बँकेत ए-टू फॉर्म भरतात, त्याला एक पान जोडणं सक्तीचं करा. मराठीत, ज्याला जी भाषा कळते त्या भाषेत. आजच्या भावाने हप्ता किती, रुपया २० टक्के पडला तर किती, आणि शेवटच्या हप्त्यापर्यंत एकूण किती. खाली ग्राहकाची सही. इथे भरणाऱ्या प्रत्येक प्रदर्शनातही हाच तक्ता किमतीइतक्याच ठळक अक्षरांत लावायला लावा. आणि परदेशातलं कर्ज डोक्यावर घेऊन परतणाऱ्यांना ते इथल्या बँकेत रुपयांत वळवून घेता येईल, अशी सोय रिझर्व्ह बँकेशी बोलून करता आली तर बघा. दादासारखे लोक हप्ता बुडवायला निघालेले नाहीत. तो किती आहे, एवढं त्यांना महिन्याच्या आधी कळायला हवं.

आपला,
ऐरोलीचा एक रहिवासी