हजेरीला क्रेडिट, मग केसपेपरला का नाही?

महोदय,

महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडील नोंदणीचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करताना डॉक्टरांना निरंतर वैद्यकीय शिक्षणाचे 30 क्रेडिट पॉइंट दाखवावे लागतात. या अटीविषयी व्यवसायबंधूंमध्ये कुरकुर बरीच आहे, पण माझा तिला विरोध नाही. पदवी घेऊन बाहेर पडलेल्या माणसाने पुढची चाळीस वर्षे त्याच शिदोरीवर काढावीत, हे रुग्णांच्या हिताचे नाही. माझा आक्षेप आहे तो हे पॉइंट मुख्यतः हजेरीला मिळतात याला. ऐकलेल्या व्याख्यानामुळे दुसऱ्या दिवशी दवाखान्यात काही बदलले का, हे कोणी विचारत नाही. सकाळी सह्यांच्या वहीपाशी झालेली गर्दी जेवणानंतर निम्मी होते, आणि त्या निघून गेलेल्यांत एकदोनदा मीही होतो.

मी कोकणातल्या तालुक्याच्या गावी 26 वर्षे जनरल प्रॅक्टिस करतो. दोन वर्षांपूर्वी पावसाळा सरताना, जुलाबासाठी आणलेल्या पाच वर्षांखालील मुलांचे माझ्याच दवाखान्यातले केसपेपर मी एका रविवारी काढून बसलो. अशा मुलांना ओआरएसबरोबर 10 ते 14 दिवस झिंक द्यावे, सहा महिन्यांवरील बाळाला रोज 20 मिलिग्रॅम आणि त्याहून लहानाला 10, ही जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांची शिफारस 2004 सालची आहे. ती मला तोंडपाठ होती. त्या विषयावरच्या व्याख्यानाचे प्रमाणपत्रही माझ्या कपाटात आहे. प्रत्यक्षात निम्म्याहून अधिक मुलांना मी झिंक पाचच दिवस लिहिले होते, काहींना अजिबात नाही, आणि शौचात रक्त नसतानाही अँटिबायोटिक सढळ हाताने दिले होते. मूल रडत असते, आई घायकुतीला आलेली असते, बाहेर रांग असते आणि हात जुन्या वळणाने लिहून मोकळा होतो. त्यानंतर मी केसपेपरवर झिंकच्या दिवसांसाठी वेगळा रकाना छापून घेतला. या रविवारचा एकही क्रेडिट पॉइंट मला मिळाला नाही, मिळण्याची सोयही नव्हती.

नोंदींतून शिकण्यासाठी मोठे रुग्णालय लागत नाही. महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करताना डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशाच्या रुग्णांच्या उशाशी बसून घाम, थंडगार पडणारे हातपाय, नाडी, रक्तदाब, फुफ्फुसांत साचणारे पाणी यांच्या बारकाईने नोंदी ठेवल्या. त्यांची निरीक्षणे 1980च्या दशकात ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली, आणि रक्तदाबासाठी वापरले जाणारे प्राझोसिन हे साधे औषध लाल विंचवाच्या विषावर लागू पडते, हे त्यांनी दाखवून दिले. पूर्वी दगावणारे कितीतरी रुग्ण त्यामुळे वाचू लागले.

म्हणून परिषदेला माझी विनंती आहे की, डॉक्टरने वर्षातून एकदा एका आजाराचे सलग 50 केसपेपर रुग्णांची नावे वगळून तपासावेत, काय करायला हवे होते व काय केले हे लिहावे, सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी करावी, आणि तालुक्यातील दोन समव्यावसायिकांनी पाहून सही केलेल्या अशा टिपणाला 30 पैकी काही पॉइंट द्यावेत. यात एक खरी अडचण आहे. वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली येते, हे सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये स्पष्ट केल्यापासून स्वतःची चूक कागदावर आणायला डॉक्टर कचरतो, आणि ते समजण्यासारखे आहे. तेव्हा ही टिपणे दाव्यात पुरावा म्हणून वापरली जाणार नाहीत, अशी कायदेशीर हमी आधी हवी. खोटी टिपणे लिहून देणारेही निघतील. पण खोटे टिपण रचायलासुद्धा उपचाराची मार्गदर्शक तत्त्वे एकदा वाचावी लागतात, आणि सभागृहातल्या खुर्चीला तेवढीही अट नाही.

आपला,
एक जनरल प्रॅक्टिशनर, जि. रत्नागिरी