चांदी हिरवी पडत नाही म्हणे!

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : ‘पीव्हीसीमुक्त’ म्हणून विकलेला नाण्यांचा अल्बम (तक्रार चौथ्यांदा)

चौथा फोन आत्ताच ठेवला. आधीच्या तीन फोनांमध्ये तक्रार क्रमांक तरी मिळाले होते, आज तेवढंही नाही.

अल्बमच्या वेष्टनावर ‘१०० टक्के पॉलिप्रॉपिलीन’ (म्हणजे नाण्यांना न बाधणारं प्लॅस्टिक, पीव्हीसी नावाचं बाधणारं प्लॅस्टिक नव्हे) असं छापलंय. दोन पानांच्या २४ कप्प्यांत ९०० टंचाची चांदीची नाणी होती. सात महिन्यांत त्यातल्या १७ नाण्यांवर हिरवट, चिकट थर आला. त्याच खणात, त्याच सिलिका जेलच्या पुड्यांशेजारी मायलरच्या (पॉलिएस्टरच्या पारदर्शक फिल्मच्या) पाकिटांत ठेवलेली नाणी जशीच्या तशी आहेत. म्हणजे दोष हवेचा नाही, खणाचा नाही आणि हाताचाही नाही.

आता आजचा संवाद. तुमच्या वरिष्ठ प्रतिनिधींचा पहिलाच प्रश्न, “नाणं चांदीचंच आहे ना? खरी चांदी हिरवी पडत नाही.” ९०० टंच म्हणजे हजारात १०० भाग दुसरा धातू, आणि या नाण्यांत तो तांबं आहे, हे सांगितलं. मऊ पीव्हीसीतून प्लॅस्टिसायझर (त्याला मऊ ठेवणारं तेलकट रसायन) पाझरतो, पीव्हीसी कुजताना हायड्रोक्लोरिक आम्ल सुटतं आणि ते तांब्याला धरतं, म्हणून हिरवं, हेही सांगितलं. त्यावर “एक मिनिट हं” आणि अकरा मिनिटं संगीत. परत आल्यावर उत्तर काय, तर “हाताचा घाम असेल.” नाणी सात महिने कप्प्यांतच होती म्हटल्यावर, “मग टूथपेस्टनं हलक्या हातानं घासून बघा.”

नाण्यांचा अल्बम विकणाऱ्या कंपनीतून टूथपेस्ट! टूथपेस्टमध्ये घासणारी पूड असते. एकदा घासलं की नाणं दिव्याखाली तिरपं धरून १० पट भिंगातून पाहिलं तर बारीक ओरखड्यांचं जाळं दिसतं, आणि ते कुणाच्या बापाला भरून काढता येत नाही. हे नको म्हटलं तर तुमचंच ‘चकाकी द्रावण’ सुचवलं. ते चांदीवर चढणाऱ्या काळ्या सल्फाइडच्या थरासाठी असतं. प्लॅस्टिसायझरच्या चिकट्यावर त्याचा उपयोग नाही, वर चांदीचा मूळ पृष्ठभाग खाऊन नाणं मंद पडतं ते वेगळंच.

करायचं काय, ते इथे लिहून ठेवतो, प्रतिनिधींना वाचून दाखवा. शुद्ध ॲसिटोन, नेलपॉलिश रिमूव्हर नव्हे. भांडं झाकणाचं आणि काचेचं, कारण थर्माकोलचा किंवा साधा प्लॅस्टिकचा कप त्यात विरघळून नाण्यावरच बसतो. ठिणगी, आग लांब. काही तास बुडवायचं, नव्या ॲसिटोनमध्ये परत विसळायचं, कडेनं धरून वाळवायचं, पुसायचं नाही. चिकटा जातो. खाली पडलेले खड्डे जात नाहीत. इथे पाच नाण्यांवर ते पडले आहेत.

आणि ‘१०० टक्के पॉलिप्रॉपिलीन’चं म्हणाल तर ते पाण्यावर तरंगतं. तुमच्या पानाचा तुकडा बुडबुडे झटकून टाकला तर थेट तळाला गेला. बुडतं मायलरही, म्हणून दुसरी चाचणी केली. तांब्याची तार ज्योतीत लाल होईपर्यंत आणि ज्योतीचा रंग साधा होईपर्यंत तापवली, पानाला टेकवली, परत ज्योतीत धरली. ज्योत हिरवीगार! म्हणजे क्लोरीन आहे, आणि तो पीव्हीसीत असतो, पॉलिप्रॉपिलीनमध्ये किंवा मायलरमध्ये नाही. ‘पीव्हीसीमुक्त’ हा शब्द छापण्याआधी कारखान्यात एवढं कुणालाच सुचलं नाही?

भरपाई म्हणून तुम्ही दुसरा अल्बम देऊ केलात. त्याच खेपेतला. पुन्हा सांगतो, त्याच खेपेतला!

अल्बमचे पैसे परत हवेत, खड्डे पडलेल्या पाच नाण्यांची भरपाई हवी आणि ही खेप घेतलेल्या प्रत्येक ग्राहकाला ‘नाणी आजच बाहेर काढा’ असं लेखी कळवलेलं हवं. तिसरी मागणी सर्वांत तातडीची, कारण त्यांच्या कप्प्यांतही आत्ता हेच चाललंय. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढचं पत्र वकिलामार्फत येईल. तुमची जुनी कडक पानं उत्तम होती, म्हणूनच हा अल्बम डोळे मिटून घेतला होता.

पानाचा उरलेला तुकडा सोबत जोडला आहे. तारेची चाचणी स्वतः करा, पण तुकडा लहान घ्या आणि खिडकी उघडी ठेवा. धूर घशाला झोंबतो.

(अजून तरी) तुमचा ग्राहक