लिव्हर वॉर्डातल्या सिस्टरांचे आभार

लातूर-बीडकडच्या वॉर्डांत सिरोसिसचे, म्हणजे लिव्हर कडक होऊन निकामी होत चाललेले, पेशंट सांभाळणाऱ्या सिस्टर, ब्रदर आणि मावशींनो, मनापासून आभार. लॅक्टुलोजचा, म्हणजे पोट साफ ठेवून पेशंटचं बरळणं कमी करणाऱ्या पातळ औषधाचा, डोस बाटली बघून नाही, संडास बघून ठरतो, हे नातेवाइकांच्या गळी तुम्हीच उतरवता. दिवसातून 2-3 वेळा मऊ झाली की बास. जुलाब लागले तर अंगातलं पाणी अन् पोटॅशियम उतरतं आणि पेशंट उलट जास्तच बरळतो. रोज सकाळी लघवीनंतर, नाष्ट्याआधी, त्याच काट्यावर वजन. पोटाचा घेर मोजायला बेंबीशी पेनाची खूण. टेप वर-खाली सरकला तर आकडा फुकट. झोपेची गोळी मागणाऱ्याला ठाम नकार, अंगदुखीला आयबुप्रोफेन आणणाऱ्यालाही. पोटात पाणी असताना डब्यातलं लोणचं काढून घेता, तेव्हा बोलणीही तुम्हीच खाता. तरी काढताच!