फझ पेडल बिघडलं नव्हतं, उतरलं होतं

मा. संपादक,

उन्हाळा लागला की तुमच्या पेपरात कूलर, गाडीचे टायर, मोबाईल, सगळ्यांची काळजी छापून येते, वाद्यांची कधी दिसली नाही म्हणून लिहितोय. विषय जरा अजब आहे, गिटारच्या फझ पेडलचा, म्हणजे गिटारचा आवाज मुद्दाम फाटका करणाऱ्या, पायाने दाबायच्या डबड्याचा, पण छापलंत तर इंदूरातल्या चार पोरांचे पैसे वाचतील.

माझ्या भाच्याने जानेवारीत घरीच एक फझ बनवलं, जुन्या फझ फेसच्या सर्किटवर. लंडनच्या आर्बिटर कंपनीने १९६६ मध्ये काढलेलं ते गोल डबडं, रॉक गिटारवाला जिमी हेंड्रिक्स वापरायचा तेच. आत फक्त दोन ट्रान्झिस्टर (सिग्नल मोठा करणारे तीन पायांचे पार्ट) आणि मूठभर इतर पार्ट. ट्रान्झिस्टर मीच दिले, एसी १२८ नंबरचे, जर्मेनियमचे, म्हणजे सिलिकॉनच्या आधीच्या जुन्या जातीचे, माळ्यावरच्या भंगार रेडिओतून काढून. काय वाजलं हो तेव्हा! आणि मे महिन्यात तेच पेडल नोट धरेना, फुर्रर्र करून आवाज मधेच तुटायचा, हळू वाजवलं तर काहीच नाही.

रिपेअरवाल्याकडे नेलं. त्याने दोन तारा छेडल्या आणि म्हणाला, "भैया, इसमें तो आवाज फटी हुई आ रही है." आता याला काय सांगायचं, की बाबा फाटकाच आवाज पाहिजे, पण हा चुकीचा फाटलाय! दुसरा म्हणाला दोन्ही काढून सिलिकॉनचे बीसी १०८ टाकतो. ते उन्हात टिकतात हे खरं, पण आवाज जास्त तिखट होतो आणि ते एनपीएन जातीचे, आमचे पीएनपी, दोघांत करंटची दिशा उलटी, म्हणजे बॅटरीची सगळी वायरिंग उलटी करा. तिसऱ्याने तर सरळ ई-वेस्टमध्ये टाका म्हटलं. स्वच्छतेत आपला पहिला नंबर येतो म्हणून काय चालती वस्तू पण कचरागाडीत द्यायची?

मग घरीच उघडून बसलो. बॅटरी नवी, टाके ठीक. मल्टीमीटरने दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टर नावाच्या पायावर बघितलं, तिथे ९ व्होल्टच्या निम्मे, साधारण साडेचार यायला पाहिजेत (मीटर मायनस दाखवेल, घाबरू नका, या सर्किटमध्ये बॅटरीचा प्लसच ग्राउंड असतो). सकाळी सहाला पाचच्या आसपास होते, दुपारी तीनला साडेसात! म्हटलं बघू तरी, प्लास्टिकच्या पिशवीत बर्फ घालून ट्रान्झिस्टरवर ठेवला आणि पाच मिनिटांत जानेवारीचा आवाज परत. भाचा म्हणतो मामा जादू केली. जादू कसली, जर्मेनियममध्ये बंद असतानाही थोडा करंट गळतो आणि तापमान दहा डिग्री वाढलं की ही गळती जवळजवळ दुप्पट होते, हिवाळ्यातल्या वीस डिग्रीवर जमवलेलं बायस (ट्रान्झिस्टरला लावून ठेवलेलं व्होल्टेज) बेचाळीसला कसं जमणार.

इलाज स्वस्तातला आहे. त्याच कलेक्टरला ८.२ के (किलोओहम) चा रेझिस्टर असतो, तो काढून २० के चा ट्रिमपॉट, म्हणजे कमीजास्त करता येणारा रेझिस्टर, बसवला आणि पेचकसाने फिरवत साडेचारवर आणून ठेवलं. टाका लावताना मात्र ट्रान्झिस्टरचा पाय पकडीत धरा, जर्मेनियम सोल्डरिंग आयर्नच्या गरमीनेही मरतं. हां, आणि हे पेडल बाकीच्यांच्या सामाईक अ‍ॅडॉप्टरवर लावू नका, ग्राउंड उलटं असल्याने शॉर्ट होतं, आमचा एक अ‍ॅडॉप्टर असाच बसलाय. वाह (आवाज "वा-वा" करणारं) किंवा बफरवालं (सिग्नलला जोर देणारं) पेडलही याच्या आधी नको, गिटारची केबल सरळ फझमध्ये जाऊ द्या, नाहीतर तुम्ही बायस शोधत बसाल आणि दोष भलतीकडेच.

मला राग रिपेअरवाल्यांचा नाही, त्यांच्याकडे दिवसभर मोबाईलच येतात. पण पावसाळ्यात तबला उतरला की आपण हातोडी घेऊन गट्टे ठोकतो, तबला खराब झाला असं कोणी म्हणत नाही, बदलून टाका तर नाहीच नाही. डबड्यात सर्किट दिसलं की मात्र बोर्ड बदला! हे पण वाद्यच आहे, हवेबरोबर उतरतं, चढतं.

गणपतीत आमच्या रामबागेत पोरांचा कार्यक्रम आहे. तोवर हवा गार होईल, म्हणजे ट्रिमपॉट परत फिरवावा लागणार, म्हणून भाच्याने बाहेरून पेचकस जाईल असं एक भोक पाडून ठेवलंय डबड्याला.

आपला,
एक नियमित वाचक, रामबाग, इंदूर