दोरी मुलांच्या हातात

किटाले, केनिया

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "शेतात वाढलेल्या माणसांना तू शेती काय शिकवणार?" तेव्हा नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहिते. शेती त्यांना येतेच. शिकवायचं असतं ते हे, की शेत मुलांच्या हाती देऊन आपण बाजूला कसं उभं राहायचं.

इथे शाळाशाळांतून मुलांचे ४-के शेती क्लब असतात, ते चालवणाऱ्यांना मी शिकवते. कुउंगाना, कुफान्या, कुसाइदिया केन्या. म्हणजे एकत्र येऊ, काम करू, केनियाला मदत करू. जुनेच क्लब, मधे मागे पडले होते, २०२१ मध्ये सरकारने पुन्हा सुरू केले. १९०२ साली अमेरिकेत ओहायोमध्ये मुलांचे शेती क्लब निघाले आणि त्यातून ४-एच चळवळ उभी राहिली, तिचंच हे भावंड. बाप नव्या बियाण्यावर विश्वास ठेवत नाही, पण पोराच्या वाफ्यातलं कणीस हातात घेतलं की ठेवतो, यावर सगळी मदार.

प्रशिक्षणाला शिक्षक येतात आणि गावातली जाणती माणसं. वर्गात फार वेळ बसवत नाही, थेट शांबावर, म्हणजे शेतात नेते. १० बाय १० मीटरचे दोन वाफे शेजारी शेजारी आखायचे. एकात मक्याचं घरचं बी, दुसऱ्यात हायब्रीड. बाकी खत, अंतर, पेरणीचा दिवस, खुरपणी, सगळं सारखं. चुका सगळ्यात जास्त इथेच होतात. उत्साहाच्या भरात हायब्रीडच्या वाफ्याला खतही जास्त पडतं, मग गावकरी म्हणतात, "खत घातलंत म्हणून आलं." त्यांचं बरोबरच असतं. एक वाफा झाडाच्या सावलीत गेला तरी वर्षभराची मेहनत वाया.

पेरणीआधी उगवण तपासायची. आपण सोयाबीनचं गोणपाटात करतो तसंच, १०० दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून सात दिवसांनी मोजायचे. ८५ च्या खाली आले तर ते बी प्रयोगाला घ्यायचं नाही.

मग दोरी. ओळींत ७५ सेंटिमीटर, खड्ड्याखड्ड्यांत ५० सेंटिमीटर, खड्ड्यात दोन दाणे. दर ५० सेंटिमीटरवर खूण म्हणून दोरीला गाठी मारल्या की दोरी आखडते आणि माप चुकतं. त्यापेक्षा रंगीत चिंध्या बांधायच्या. नायलॉनची दोरी ताणली की लांबते, म्हणून सिसलची, म्हणजे घायपाताच्या धाग्याची, बरी. एका वाफ्यात साधारण २६६ खड्डे होतात. प्रत्येकात सोड्याच्या बाटलीचं एक सपाट बूच डीएपी, म्हणजे अंदाजे पाच ग्रॅम, वाफ्याला सव्वा-दीड किलो. बाबा, हिशेब केलात तर एकरी एक पोतंच पडतं. खतावर दोन बोटं माती लोटून मगच दाणे टाकायचे, नाहीतर कोंब करपतो.

हे सगळं शिक्षकांनी दोन्ही हात पाठीमागे बांधून फक्त तोंडाने सांगायचं, हा आमचा मुख्य सराव. फार अवघड जातं त्यांना. मुलाने जेंबे, म्हणजे इथलं कुदळ-फावडं, जरा वाकडं धरलं की मोठ्या माणसाचा हात आपोआप पुढे जातो. तो हात गेला की मूल मागे सरतं आणि पुढच्या वेळी नुसतं बघत उभं राहतं.

बाबा, तुम्हाला छळणारी लष्करी अळी इथेही आहे. आफ्रिकेत ती २०१६ मध्ये आली, आपल्याकडे २०१८ मध्ये. मुलं नागमोडी चालत पाच ठिकाणी दहा-दहा झाडांचे पोंगे, म्हणजे मधली गुंडाळलेली कोवळी पानं, उघडून बघतात. अळीच्या डोक्यावर उलटा वाय, शेपटीकडे चौकोनात चार ठिपके दिसले, की वहीत नोंद. अंडीपुंज चिरडायचे, पोंग्यात चिमूटभर राख किंवा बारीक वाळू टाकायची. फवारणीचा पंप मुलांच्या हाती कधीच द्यायचा नाही, यावर मी कुणाचं ऐकत नाही. उशिरा आलेल्या पोराला शिक्षा म्हणून खुरपायला पाठवायचं नाही, हा दुसरा नियम. शिक्षा म्हणून केलेली शेती त्याला आयुष्यभर शिक्षाच वाटते.

क्लब बुडतात ते मात्र बहुतेक सुट्टीत. इथे मार्च-एप्रिलला पेरलेला मका ऑक्टोबर-नोव्हेंबरला निघतो, आणि शाळा एप्रिल नि ऑगस्टमध्ये बंद. कोवळ्या मक्याला तण सहन होत नाही, नेमका तेव्हाच कुणी नसतो. म्हणून सुट्टीच्या आधी पाळ्या लावून, घरच्यांना विचारून, नावं भिंतीवर लावायची. शिवाय सुकुमा विकीचा, म्हणजे इथल्या पालेभाजीचा, एक वाफा हवाच; लावणीपासून दीड-दोन महिन्यांत पानं तोडता येतात. पैसे म्वेका हझिना, म्हणजे मुलांमधलाच खजिनदार, मोजतो आणि लिहितो. पीक कुणाचं हे पेरणीआधी ठरवून वहीत घ्यायचं. न ठरवता कणसं मोठ्यांच्या घरी गेली तर पुढच्या वर्षी मुलं येत नाहीत, आणि का यावं त्यांनी?

आई, शेवटचा धडा तुझ्या कामाचा आहे. कोरड्या काचेच्या बाटलीत एक तृतीयांश मका घाल, वर तीन चमचे तव्यावर गरम करून गार केलेलं मीठ. चांगलं हलव, पाव तास ठेव. मीठ काचेला चिकटलं तर दाण्यात १५ टक्क्यांहून जास्त ओल आहे. चिकटलं नाही तरी आणखी ऊन दे, पोत्यात भरायला ओल १३ टक्केच हवी. ओल्या मक्यावर बुरशी येते, तिच्यात अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होतं. २००४ साली केनियाच्या पूर्व भागात असा मका खाऊन १२५ माणसं गेली. म्हणून ही बाटली मी प्रत्येक शिक्षकाबरोबर देते, आणि ती हलवायची मात्र मुलांनी.

घरचा मका पोत्यात भरण्याआधी करून बघ आणि काय झालं ते फोनवर सांग.

तुमची,
लेक