बेरीज जुळत नसेल तर आकडे बसवू नका

संपादक महोदय,

बंद सर्किटची पूर्ण फेरी मारली की सगळ्या व्होल्टेजची अधिक-उणे बेरीज शून्य, म्हणजे सेलचा व्होल्टेज रेझिस्टरवरच्या व्होल्टेजच्या बेरजेइतका, हा किरचॉफचा व्होल्टेज नियम. बारावीच्या प्रात्यक्षिक वह्यांत ही बेरीज बहुतेकांची काटेकोर शून्य येते. खरोखर मोजले तर असे होत नाही. बेरीज का चुकते हे मुलांना दाखवले, तर आकडे बसवण्याची गरजच पडणार नाही.

खेड्यात पहिला दोष एलिमिनेटरचा, म्हणजे सेलऐवजी वापरायच्या, घरच्या विजेवर चालणाऱ्या डब्याचा. हरभऱ्याच्या ओलिताचे पंप सुरू झाले की बऱ्याच गावांत व्होल्टेज पडतो, त्याबरोबर साध्या एलिमिनेटरचाही पडतो. पहिले रीडिंग 6.2 व्होल्टवर घेतलेले, तिसरे 5.8 वर, मग जुळणार कसे? त्यापेक्षा चार पेन्सिल सेल होल्डरमध्ये घालून 100, 220 आणि 330 ओहमचे रेझिस्टर एकापुढे एक जोडावेत. मल्टिमीटर डीसी 20 व्होल्टवर ठेवावा. सेलचे रीडिंग सर्किट चालू असतानाच घ्यावे, उघड्या सर्किटमध्ये ते थोडे जास्त दिसते. सेलवर 6.20 असेल तर रेझिस्टरवर साधारण 0.95, 2.10 आणि 3.15 मिळतात. रेझिस्टर पाच टक्के इकडेतिकडे असतात, म्हणून हे आकडे हलतील. बेरीज हलणार नाही. काळी पिन मागे, लाल पुढे ठेवत पूर्ण फेरी मारली की अधिक-उणे चिन्हे मीटरच दाखवतो. लाल पिन 10 अँपिअरच्या भोकात राहिली आणि सेलवर टेकली, तर थेट शॉर्ट होतो. हे आधी तपासावे.

काट्याचा जुना व्होल्टमीटर असेल तर मोठे रेझिस्टर घेऊ नयेत. मीटरचा स्वतःचा रोध 10 हजार ओहम आणि तिन्ही रेझिस्टरही तेवढेच असले, तर 6 व्होल्टच्या सर्किटमध्ये प्रत्येकावर 2 ऐवजी 1.2 दिसतो, बेरीज 3.6 भरते. नियम बरोबरच असतो. मीटर जोडताच सर्किट बदलते.

आणि रेझिस्टरवरची बेरीज सेलपेक्षा 0.2 व्होल्टने कमी आली तर वही मिटू नये. दोन्ही पिना एकेका जोडावर, गंजलेल्या क्रोकोडाइल क्लिपच्या दोन बाजूंना, होल्डरच्या स्प्रिंगवर टेकवून पाहाव्यात. हरवलेले 0.2 तिथेच कुठेतरी सापडतात. परीक्षकांनी अशा नोंदीला पूर्ण गुण द्यावेत, एवढीच विनंती.

— विज्ञान शिक्षक, ता. आर्वी, जि. वर्धा