अठ्ठावीस जणांचं दुकान

मँचेस्टर,
रविवार, दुपार

ती. बापू आणि आई यांना शिरसाष्टांग नमस्कार.

बाळू, हे पत्र मोठ्यानं वाच आणि मधलं काही गाळू नकोस. फोनवर आई ‘जेवलीस का, थंडी किती’ याच्या पुढं सरकत नाही आणि बापू नुसतं ‘हां, हां’ करतात. म्हणून लिहायला बसले.

परवा सुट्टी होती, तर ट्रामनं रॉचडेलला जाऊन आले. हॉस्पिटलात आमच्या वॉर्डातल्या एका म्हाताऱ्या बाईमुळं. तिची आई कापड गिरणीत होती. मागांचा आवाज एवढा की बाया एकमेकींचं बोलणं ओठांवरून ओळखायच्या, अन् मग घरी चुलीपुढं बसूनही तोंड वासून, ओठ हलवून बोलायच्या. मला हसू आलं. आई, तू सुद्धा ऊसतोडीच्या फडातून आलीस की पाचटाच्या कोपीत आठ दिवस ओरडूनच बोलायचीस.

रॉचडेलला टोड लेन नावाची गल्ली आहे. तिथं १८४४ साली, २१ डिसेंबरला, २८ जणांनी एक दुकान काढलं. काही विणकर, बाकी असेच हातावर पोट असलेले. आठवड्याला दोन-तीन पेन्स बाजूला टाकत माणशी एक पौंड जमवला. दुकानात काय, तर पीठ, लोणी, साखर, ओटचं पीठ आणि मेणबत्त्या. ते दुकान आता जपून ठेवलंय. मी तराजूपुढं बराच वेळ उभी होते. मला आपला तो साखर कारखान्याच्या तळावरचा किराणावाला आठवला, ज्याच्या काट्यावर किलोभर ज्वारी कधी किलोभर भरलीच नाही.

यांचंही तसंच होतं. कित्येक मालक मजुरीच्या बदल्यात स्वतःच्या दुकानाची चिठ्ठी द्यायचे. माल त्यांचा, भाव त्यांचा. १८३१ साली कायदा झाला की बऱ्याच धंद्यांत मजुरी नाण्यातच द्यायची. तरी पिठात खडू आणि चहात भलताच पाला मिसळणं चालूच होतं. या २८ जणांनी ठरवलं, माल चोख, माप पुरं, उधारी बंद. शेअर कितीही असोत, माणशी मत एकच, बाईलासुद्धा. आणि नफा ज्यानं जेवढी खरेदी केली त्या मानानं वाटायचा.

बापू, उधारी बंद वाचलं तेव्हा तुम्ही डोळ्यांपुढं आलात. ज्या साली तुम्ही मुकादमाकडून दोघांच्या कोयत्याची, म्हणजे जोडीनं तोडणीला जायची, तीस हजार आगाऊ उचल घेतली होती, त्या साली मी नऊ वर्षांची. हंगाम संपून पट्टा पडायच्या आधी मुकादमानं डायरी उघडली आणि म्हणाला, ‘बाकी अंगावर राहिली.’ खाडे किती धरले, दवाखान्याचे किती, किराण्याचे किती, सगळं त्याच्याच अक्षरात. तुम्ही अंगठा दिला. मला तेव्हा वाचता येत होतं, कारखान्यावरच्या साखरशाळेत दोन महिने गेले होते मी, पण डायरी माझ्या हातात कोण देणार?

एक गोष्ट तिथं उभं राहून सारखी टोचत होती. आपला सहकार याच गल्लीतून निघाला. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळांनी जो कारखाना उभा केला, १९५० साली ज्याचं गाळप सुरू झालं, त्याच्या मुळाशी हीच रीत, सभासदाचा शेअर आणि एक मत. चांगलंच झालं, ऊसवाल्या शेतकऱ्याचं घर उभं राहिलं. पण ऊस तोडणारा सभासद झाला नाही. विणकरांनी काढलेली रीत आपल्याकडं आली आणि कोयतेवाला तिच्या बाहेरच राहिला. आपण धारूरच्या माळावरून जायचं, फडात राबायचं, गाडी भरली की काटा दुसऱ्याच्या हातात. २०२४ च्या जानेवारीत तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला, पण तोही वर बसलेल्यांनी बसून ठरवलेला.

इथं पोरांचंही काही लवकर भलं झालं नव्हतं, बरं का. १८३३ च्या कायद्यानं नऊ वर्षांखालच्या पोरांना कापड गिरणीत बंदी घातली, तेराच्या आतल्यांना दिवसाचे नऊ तास ठरवून दिले. तपासायला सगळ्या देशाला चार इन्स्पेक्टर! मी नऊचीच असताना बाळूला कडेवर घेऊन उसाचं वाढं गोळा करत होते, रात्री ट्रक आला की आई तू मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून वर चढायचीस आणि मी खाली कंदील धरायचे. फळी दवानं ओली असायची. तुझी टाच त्या फळीवर घसरली होती ना एकदा, अजून दुखते का गं थंडीत?

आता कामाचं. मुकादम उचल घेऊन दारात येईल, नवरात्रात येतोच तो. यंदा घेऊ नका. मागची बाकी मी या महिन्यात पाठवते, बाळूच्या खात्यावर. बापू, पैसे दिले की पावती घ्या, वहीच्या फाटक्या कागदावर का होईना, तारीख घालून त्याची सही घ्या. कुरकुर करील तर म्हणा, पोरीनं मागितलीय.

आणि तरीही जायचंच ठरलं तर बाळू, तू एक शंभर पानी वही घे. रोज किती टन भरलं, किती खाडे धरले, रोजच्या रोज लिही. त्याची डायरी त्याच्याकडं राहू दे.

इकडं मी बरी आहे. नाइट ड्युटीचे पाय दुखतात तेवढे. म्हातारीनं मला विणलेले मोजे दिलेत, आईच्या मापाचे वाटतात, कोणी येणार असेल तर पाठवते.

तुमची,
मंगल